कडीला अडकवलेले रबरबँड

आमच्या किचनच्या खिडकीच्या कडीला रबरबँडचा एक भलामोठा गुच्छ लटकतोय, कोथिंबिरीच्या जुडीचे, मिठाईच्या बॉक्सचे, आईने आजवर एकही टाकलेला नाही. काल त्यातला एक काढून चिवड्याच्या पाकिटाला लावायला गेलो तर तटकन तुटून बोटावर बसला. आई म्हणे, तो जुना होता रे. जसे काही बाकीचे सकाळीच आणलेत! नाशिकचं एप्रिलचं ऊन रोज त्याच खिडकीतून येतं, उन्हाने आणि हवेने रबर आतून कुजतं, मग त्याच्यात जीव राहत नाही.

मी अंबडला प्रेस शॉपमध्ये आहे, म्हणजे मशीनने पत्रा दाबून वाकवतात तिथे, आणि तिथे बरोब्बर उलटी डोकेदुखी, वाकवलेला पत्रा परत मूळ आकाराकडे जातो म्हणून शिव्या. 90 चा कोन पाहिजे असेल तर 88 पर्यंत दाबायचा, सोडला की तो थोडा उघडतो आणि कसाबसा 90 वर येतो, याला सगळे स्प्रिंग बॅक म्हणतात. त्यात पत्र्याची नवीन कॉइल (गुंडाळी) जरा कडक निघाली की कालचं सेटिंग आज चालत नाही आणि मशीन लावून देणारे आमचे सेटर काका मान हलवत म्हणतात, "आज ऐकत नाही बरं का हा."

डिप्लोमाला सरांनी विचारलेलं, जास्त इलॅस्टिक कोण, रबर का स्टील? अख्खा वर्ग ओरडला रबर, आणि उत्तर स्टील! कारण पुस्तकात जो ताणायला जास्त अडतो तो जास्त इलॅस्टिक, आणि तेवढंच ताणायला स्टीलला कितीतरी पट जोर लागतो. पण 10 मीटर तार 1 सेंमी ताणली तरी खूप झालं, त्याच्या फार पुढे गेलं की ती लांबलेलीच राहते, परत येत नाही. मला हे अजून मनातून पटलेलं नाही, पायजम्यात स्टील घालून दाखवा म्हणावं. किती जोराला किती ताणतं याचा हिशोब रॉबर्ट हूक या इंग्लिश शास्त्रज्ञाने 1676 ला छापला तोसुद्धा अक्षरं उलटीसुलटी करून, कोणी ढापू नये म्हणून, आणि अर्थ सांगितला 2 वर्षांनी. आईच्या गुच्छासारखंच, जपून ठेवायचं पण द्यायचं नाही कुणाला.

बाकी एक गंमत करून बघा, जाड रबरबँड झटकन ताणून लगेच ओठाला लावा, कोमट लागतो. तसाच ताणून थोडा थांबा आणि सोडून लावा, गार लागतो. मी काल रात्री ओट्यापाशी उभा राहून हेच करत होतो तर आई आली, काही बोलली नाही, नुसती बघत राहिली.

सकाळी पाहिलं तर तो तुटलेला, गाठ मारून, परत कडीला.