हिवाळ्यातली कच्ची वाट निवडताना: माझा अनुभव

डिसेंबर अखेरीस आमच्या हातात चार दिवस होते, दोन फोर-बाय-फोर (चारही चाकांना इंजिनाची ताकद मिळणाऱ्या) गाड्या होत्या आणि अमेरिकेतल्या कच्च्या वाटांची अकरा नावं लिहिलेली एक वही होती. चार दिवसांत त्यातली एकच वाट होणार, हे उघड होतं. ती कोणती हे ठरवायला आम्हाला तीन आठवडे लागले. आधीच्या सगळ्या उन्हाळी सहलींत मिळून मी शिकले नव्हते, एवढं त्या तीन आठवड्यांत शिकले.

सुरुवात मात्र चुकली. मी प्रत्येक नावापुढे ती वाट किती अवघड आहे त्याचा आकडा लिहून ठेवला होता. नकाशांवर हे आकडे सहज मिळतात, पण ते असतात कोरड्या जमिनीचे आणि चांगल्या हवेतले. ज्या सोप्या वाटेचा आकडा दोन आहे, तिचा हिवाळ्यात सहा होऊ शकतो, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मैत्रिणीचे वडील आमच्याबरोबर येणार होते. नकाशा वाचण्यात काकांचा हात कुणी धरणार नाही. त्यांनी वही पाहिली आणि म्हणाले, "हे आकडे राहू देत. आधी प्रत्येक वाटेची सगळ्यात उंच जागा किती मीटरवर आहे, ते लिही."

लिहिलं, आणि त्या एका संध्याकाळी अर्धी यादी आपोआप कटली. कोलोरॅडोतला आल्पाइन लूप ही उंच डोंगरांतली वाट म्हणजे माझा कधीपासूनचा लाडका बेत होता. त्यावरची इंजिनिअर पास ही खिंड सुमारे ३,९०० मीटरवर आहे. तिथला बर्फ उन्हाळ्याच्या तोंडाशी हटतो, तोवर गाडीचा प्रश्नच येत नाही. उंचीचा हिशोब सोपा आहे: दर हजार मीटरला हवा साधारण साडेसहा अंशांनी थंड होते. म्हणजे पायथ्याशी दुपारी १० अंश असतील, तर दीड हजार मीटर वर शून्याच्या आसपास.

उरलेल्यांत युटामधला व्हाइट रिम होता, १६० किलोमीटरची वाट. परवाना लागतो, पण हिवाळ्यात गर्दी नसल्याने तो मिळणं तसं सोपं. मला घोर लागला तो व्हाइट रिमकडे उतरणाऱ्या शेफर ट्रेलच्या वळणांचा. कड्याच्या अंगावरून गरागरा खाली उतरणारा तो रस्ता सावलीत राहतो. दिवसा वितळलेलं पाणी रात्री गोठतं आणि सकाळी दगडावर काचेसारखा थर असतो. बर्फात गाडी चालवता येते. बर्फ दिसतो, त्याचा अंदाज बांधता येतो. हा थर दिसतच नाही, म्हणून व्हाइट रिमही खोडला. तेव्हापासून मी प्रत्येक चढ-उतारासाठी उताराचं तोंड कुठे आहे ते पाहते. उत्तर गोलार्धात उत्तरेकडे तोंड करून असलेल्या उतारावर हिवाळ्यात ऊन जेमतेम पोचतं. उपग्रहाच्या चित्रात त्याच डोंगराची एक बाजू कोरडी आणि दुसरी पांढरी दिसते, ती यामुळेच.

डेथ व्हॅलीतला रेसट्रॅक रस्ता शेवटपर्यंत स्पर्धेत होता. यूबीहीबी विवरापासून ४३ किलोमीटर, आणि वाटेत टायर फाडणारे धारदार दगड. तिथले आपोआप सरकणारे दगड सगळ्यांना माहीत असतात. ते सरकतात ते हिवाळ्यातच, हे मला या तयारीत कळलं: रेसट्रॅक नावाच्या कोरड्या तळ्यात थोडं पाणी साचतं, रात्री त्यावर पातळ बर्फ धरतो, सकाळी तो फुटतो आणि हलक्या वाऱ्याने बर्फाचे पापुद्रे दगडांना ढकलत नेतात. २०१३ च्या डिसेंबरमध्ये संशोधकांनी हे डोळ्यांनी पाहिलं. पण तळं ओलं असताना त्यावर पाय ठेवायचा नसतो, ठसे वर्षानुवर्षं राहतात. पाऊस नुकताच पडून गेला होता. तेव्हा ते नाव मीच खोडलं, आणि खोडताना वाईट वाटलं.

राहिला मोहावी रोड. कोलोरॅडो नदीपासून पश्चिमेला सुमारे २२० किलोमीटर, मोहावी वाळवंटातून. मोहावी या तिथल्या मूळ रहिवाशांची ही जुनी व्यापाराची पायवाट. १८६० च्या दशकात लष्कराने ती जनावरांनी ओढायच्या गाड्यांसाठी वापरली. एका पाणवठ्याहून दुसऱ्या पाणवठ्याला जाते, म्हणून तिला आडवळणं फार. सगळ्यात उंच भाग दीड हजार मीटरच्या आसपास, आणि उन्हाळ्यात पारा ४० च्या वर जाणारा हा प्रदेश हिवाळ्यातच माणसासारखं वागतो. वाटेत अनेक ठिकाणी डांबरी रस्ता आडवा जातो, म्हणजे अडलो तर बाहेर पडायला जागा आहे. माझ्या मते हिवाळ्यात हा मुद्दा इतर सगळ्यांपेक्षा मोठा.

मग उजेडाचा हिशोब. ३५ अंश अक्षांशावर डिसेंबरअखेरचा दिवस पावणेदहा तासांचा. वाळूत आणि दगडांत आमचा सरासरी वेग ताशी १५ किलोमीटर. त्यातून उतरणं, रस्ता शोधणं, जेवण वजा केलं, तर दिवसाला ७५ ते ८० किलोमीटर. तीन दिवस पुरेसे, एक हाताशी. वाट ज्यातून जाते त्या मोहावी प्रिझर्व्ह या राखीव क्षेत्राच्या आत इंधन कुठेच मिळत नाही, म्हणून प्रत्येक गाडीत वीस लिटरचा जादा कॅन.

पहिल्या सकाळी गारठ्यात टायरची हवा मोजली तर काटा आदल्या दुपारपेक्षा तीन पीएसआय (हवेचा दाब मोजायचं माप) खाली. काही गळत नव्हतं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की साधारण एक पीएसआय कमी होतो, आणि रात्री पंधरा-सोळा अंशांचा फरक पडला होता. वाळूसाठी हवा कमी करायची ती पहाटेच्या आकड्यावरून की दुपारच्या, यावर आम्ही थोडा वाद घातला. काकांचं ऐकून पहाटेच्या आकड्याप्रमाणे २० वर आणली. दुपारी टायर तापून ती वाढली, तरी वाळूत एकदाही अडकलो नाही.

पहिले दोन दिवस सुंदर गेले. जोशुआची झाडं, पाइयूट झऱ्याजवळची पडकी तटबंदी, आणि रात्री असं आकाश की झोपायला तंबूत जावंसं वाटेना.

तिसऱ्या दिवशी सोडा लेक, म्हणजे मिठाचं कोरडं तळं. मोहावी रोडवरची सगळ्यात सपाट आणि सगळ्यात फसवी जागा. दुरून पांढरंशुभ्र, कोरडं ठणठणीत दिसत होतं. दहा दिवसांपूर्वी पाऊस झाल्याचं ठाऊक होतं, म्हणून गाड्या काठावर थांबवून मी चालत निघाले. पहिली वीसेक पावलं पायाखाली पापडासारखा आवाज येत होता. मग टाच आत गेली. वाकून पाहिलं तर मिठाचा थर जेमतेम बोटभर, आणि खाली काळपट, तेलकट चिखल. तंबूची लोखंडी खुंटी हाताने दाबली, ती जोर न लावता मुठीपर्यंत उतरली. थोडं पुढे कुणाच्या तरी गाडीची खोल चाकोरी होती. ती सरळ गेली होती, मग वाकडी, आणि एका जागी मोठा खड्डा करून परत फिरली होती.

नवरा म्हणाला, "कडेकडेने जाऊन बघूया का? दुसऱ्या बाजूचे डोंगर दिसतायत." काका काही बोलले नाहीत, माझ्याकडे बघत राहिले. वाट मी निवडली होती. मी खुंटी पुसली आणि म्हटलं, "फिरवा गाड्या." दोन टनांची गाडी त्या चिखलात गेली असती, तर दुसरी तिला ओढायला गेली असती आणि तीही बसली असती.

मागे येऊन केलबेकर रोड गाठला, बेकर गावामार्गे डांबरी रस्त्याने वळसा घातला आणि आफ्टन कॅन्यन या दरीपाशी पुन्हा वाटेवर आलो. एरवी जमिनीखालून वाहणारी मोहावी नदी तिथे वर येते. पाण्यात उतरण्याआधी काठीने खोली मोजली, गुडघ्याच्या खाली होती. दोन्ही गाड्या पार झाल्या.

सोडा लेकच्या मध्ये प्रवाशांचं स्मारक आहे. जाणारा प्रत्येकजण आपल्याबरोबर आणलेला दगड तिथल्या ढिगावर ठेवतो. आम्हीही एक आणला होता, मुलीने त्यावर रंगाने तारीख लिहिली होती. तो अजून गाडीच्या खणात आहे. पुढच्या हिवाळ्यात निघायच्या आधी महिनाभर पाऊस पडला नाही, तर तिला बरोबर नेऊन तिच्याच हाताने ठेवायचा आहे.