आमची वाटचाल : जुन्या गाडीचा वाजवी भाव काढताना

आमचं कोल्हापुरातलं गॅरेज दुरुस्तीचं. पण कामाचा मोठा भाग आता दुरुस्तीच्या आधीचा आहे : दहा-बारा वर्षं वापरलेली, काम निघालेली गाडी घ्यायची असेल तर तिला किती पैसे द्यावेत, हे लेखी सांगणं. ही वाटचाल सांगायची म्हणजे आमच्या तपासणीच्या कागदाचीच वाटचाल सांगायची. एका पानापासून तो चार पानांवर कसा गेला, त्यात सगळं येतं.

पहिला कागद साधा होता. बाजारभाव लिहायचा, खाली कामांची यादी, बेरीज करून वजा करायची. हा हिशेब दोन्ही टोकांना चुकतो. बाजारभाव म्हणून जाहिरातीतला आकडा घेतला जातो, तो मागितलेला भाव असतो, मिळालेला नव्हे. विम्यात धरलेली गाडीची किंमत, म्हणजे आयडीव्ही, तिचाही आधार नाही. घसाऱ्याचा ठरलेला तक्ता पाच वर्षांपर्यंतच आहे, चार ते पाच वर्षांच्या गाडीला 50 टक्के. त्यापुढे विमा कंपनी आणि मालक आपसांत ठरवतील तो आकडा. म्हणून आता त्याच मॉडेलच्या, त्याच इंधनाच्या, एक वर्ष मागच्या-पुढच्या, प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या निदान तीन गाड्यांचे भाव आम्ही धरतो, आणि त्या विकल्या तेव्हा कोणत्या अवस्थेत होत्या तेही लिहितो.

दुसरी चूक यादीतली. टायर घासलेत म्हणून चार नव्या टायरांचे पूर्ण पैसे वजा करणं विक्रेत्यावर अन्याय आहे. तुलनेतल्या चांगल्या गाडीचे टायरही अर्धे झिजलेलेच होते, म्हणून फरक अर्ध्याच किमतीचा. उलटही तेवढंच खरं. विक्रेत्याने नवे टायर, नवी बॅटरी टाकली म्हणून गाडीचा भाव तेवढ्याने चढत नाही. त्या वस्तू चालत्या गाडीत असायलाच हव्यात. टायरच्या बाजूवरचे शेवटचे चार आकडे मात्र वाचावेत : 2319 म्हणजे 2019 सालचा तेविसावा आठवडा. नक्षी खोल दिसली तरी रबर कडक होऊन चिरा पडलेला टायर बदलायचाच असतो.

इंजिन थंड असतानाच बघायचं. विक्रेत्याने गाडी आधीच गरम करून ठेवली असेल तर आम्ही परत येतो, कारण टायमिंग चेनचा खडखडाट आणि निळा धूर पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतो. ऑइल भरायचं झाकण काढून आत पांढरट साय आहे का बघावं. पावसाळ्यात, थोडंच फिरणाऱ्या गाडीत दमटपणामुळेही ती धरते. पण सोबत कूलंट कमी होत असेल, रेडिएटरमध्ये बुडबुडे येत असतील, तर हेड गॅसकेट, म्हणजे इंजिनाचा ब्लॉक आणि वरचं हेड यांच्यामधलं पॅकिंग, गेलं. मग नुसत्या गॅसकेटचा खर्च धरून भागत नाही. हेड इथल्या उद्यमनगर या कारखान्यांच्या भागात फेसिंगला, म्हणजे पृष्ठभाग सपाट करायला, जातं, तिथे चीर निघाली तर हेडच बदलावं लागतं. ऑइलचं झाकण काढल्यावर चालू इंजिन जोरात हवा मारत असेल, ज्याला आपल्याकडे बॅक कॉम्प्रेशन म्हणतात, तर रिंगा किंवा बोअर झिजले. पेट्रोल गाडीत प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजतो. आकडा थोडा कमी चालतो, पण एखाद्या सिलिंडरचा आकडा बाकीच्यांपेक्षा 15 टक्क्यांहून जास्त कमी असला तर चालत नाही.

काही इंजिनांत व्हॉल्वची वेळ चेनऐवजी रबरी टायमिंग बेल्ट सांभाळतो. सॅन्ट्रोसारख्या अशा गाडीत बेल्ट कधी बदलला त्याचं बिल मागावं. बिल नसेल तर बेल्ट, टेन्शनर आणि त्याच हाताने वॉटर पंप, हा खर्च सरळ धरावा. बेल्ट तुटला की बहुतेक इंजिनांत व्हॉल्व वाकतात. 1248 सीसीच्या डिझेल स्विफ्टला चेन असल्याने ती चिंता वेगळी. तिथे टर्बोच्या दांड्याचा ढिलेपणा, इंजेक्टरची गळती आणि क्लच बघायचा.

कागद खरा वाढला तो पत्र्यामुळे. घाट चढून कोकणातल्या आणि गोव्यातल्या गाड्या आमच्याकडे येतात. खाऱ्या हवेने दाराखालचा रनिंग बोर्ड, स्टेपनीचा खड्डा आणि शॉकअप बसतो तो भाग आतून सडतो. वरून लांबी (पुटी) भरून रंग मारला की वरवर काही दिसत नाही. रंगाची जाडी मोजायचं यंत्र लावतो. मूळ रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन. 300 च्या पुढे गेलं की खाली लांबी आहे असं धरावं. दाराला लांबी असेल तर भाव थोडा पडतो. एप्रन (बॉनेटखालचा चाकाजवळचा पत्रा) किंवा चासी रेलवर (गाडीचा भार पेलणाऱ्या खालच्या तुळईवर) पुन्हा केलेलं वेल्डिंग दिसलं तर आम्ही भाव काढतच नाही, गाडी नको म्हणून सांगतो.

2019 आणि 2021 च्या पुरांनी आणखी एक पान जोडलं. सीटबेल्ट टोकापर्यंत ओढावा. धुतलेल्या गाडीतही रिळाजवळच्या पट्ट्यावर गाळाची रेघ राहते. कार्पेटखाली हात घालावा, सीटचे बोल्ट आणि वायरिंगचे हिरवे पडलेले कनेक्टर बघावेत. पाण्यातून निघालेली गाडी आज चालते आणि वर्षभराने एकेक सेन्सर, मोटर सोडत जाते. त्या खर्चाला अंत दिसत नाही, म्हणून बेरजेत बसवायचा प्रयत्नच करू नये.

आता एक पूर्ण हिशेब, आकडे समजण्यासाठी धरलेले. 2012 ची डिझेल स्विफ्ट, तशाच चांगल्या गाड्या 2,60,000 ला गेलेल्या. क्लच सेट मजुरीसह 11,000, लोअर आर्म, लिंक रॉड आणि शॉकअप माउंट 9,000, टायरांचा अर्धा भाग 9,000, बॅटरी 5,500, एसीची कूलिंग कॉइल गॅससह 8,500. एकूण 43,000. टर्बोच्या नळीत तेल दिसतं. काम निघालं तर 40,000, निघण्याची शक्यता आमच्या अंदाजाने चारात एक, म्हणून 10,000. ही शंकेची रक्कम वजा न करणं हीच ग्राहकांची नेहमीची चूक. नोंदणी पंधरा वर्षांची, म्हणजे 2027 ला संपते. पुन्हा पासिंगची 5,000 फी, हरित कर आणि त्याआधीची किरकोळ कामं मिळून 10,000. राहिले 1,97,000. याच्या वर जाऊ नये. विक्रेता 2,25,000 वर अडला तर यादी त्याच्या हातात द्यावी आणि कोणत्या आकड्याला हरकत आहे ते विचारावं.

दिल्लीत डिझेल गाडीला दहा वर्षांची मर्यादा आली तेव्हा तिथल्या गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. त्यांच्या भावात महाराष्ट्राचा रस्ता कर, नमुना 28 ची एनओसी (तिथल्या आरटीओचा ना हरकत दाखला) आणि नव्या नंबरचा खर्च मिळवल्यावर स्वस्ताई बरीच ओसरते.

कागदपत्रांत आरसीवर बँकेचा बोजा असेल तर बोजा उतरवण्याचा नमुना 35 आणि बँकेचं पत्र हातात आल्याशिवाय पूर्ण पैसे देऊ नयेत. ई-चलनं नंबर टाकून तिथल्या तिथे बघावीत, 2019 आधीच्या गाडीला एचएसआरपी (उच्च सुरक्षा नंबर) प्लेट आहे का तेही. मालकी बदलाच्या नमुना 29 आणि 30 वर सह्या झाल्यावर थोडी रक्कम, आम्ही 10,000 सुचवतो, आरसी नावावर होईपर्यंत मागे ठेवावी. विमाही नावावर करायचा असतो, त्यासाठी मालकी बदलल्यापासून 14 दिवस. जुन्या मालकाचा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, गाडीबरोबर येत नाही. हप्त्यातला तो फरकही आम्ही शेवटच्या पानावर धरतो.