पानाक डोळे इले

भाद्रपदातल्या एका सकाळी कुणग्याच्या मेरेवरून काकांनी हाक मारली, "बघ, पानाक डोळे इले." खरोखरच डोळे होते. दोन्ही टोकांना निमुळते, मध्ये राखाडी, कडेला तपकिरी. करपा, भातावरचा बुरशीचा रोग. रात्री पाऊस, पहाटे दव, दिवसभर मळभ, अशा हवेत तो यायचाच. काका पंप शोधायला गेले आणि मी त्या डोळ्यांकडे बघत बसलो.

भाताचं पान काही लेचंपेचं नसतं. त्यात सिलिका असते. बेणणी करताना काकीच्या हातांवर जे ओरखडे उठतात, ते या सिलिकेचेच. मग एवढ्या राठ पानात ही बुरशी शिरते कशी?

दाब देऊन. नासपतीच्या आकाराचा, तीन कप्प्यांचा बीजाणू ओल्या पानावर पडला की स्वतःच्या चिकाने चिकटतो. काही तासांत त्याला कोंब येतो आणि कोंबाचं टोक फुगून इवलासा घुमट होतो. बीजाणू आपल्या पोटातलं सगळं त्या घुमटात ओततो आणि मरून जातो. घुमटाला मेलॅनिनचा काळा थर बसतो, आत ग्लिसरॉल साठतं. थरातून पाणी आत येतं, ग्लिसरॉल मात्र बाहेर पडू शकत नाही. दवाचंच पाणी ते, पण घुमट तट्ट फुगतो. १९९१ साली शास्त्रज्ञांनी हा दाब मोजला तेव्हा तो हवेच्या नेहमीच्या दाबाच्या ८० पटींच्या आसपास भरला. मोटारीच्या चाकात आपण भरतो त्याच्या साधारण चाळीसपट! घुमटाच्या तळातून मग एक खुंटी निघते आणि सरळ पान भेदते. काकांची ट्रायसायक्लॅझोल या बुरशीनाशकाची पुडी नेमकी इथेच नडते: ती मेलॅनिन होऊच देत नाही, मग घुमटात दाब टिकत नाही.

आत शिरल्यावरची लबाडी मला जास्त आवडली. बुरशीच्या अंगात कायटिन असतं. कुर्लीच्या कवचात असतं तेच. त्याचे तुकडे जाणवले की भात सावध होतो. म्हणून बुरशी एक प्रथिन सोडते. ते तुकडे हे प्रथिन आधीच पकडून ठेवतं, आणि पहारेकऱ्याला चोराचा वासच लागत नाही. भाताची पेशी जिवंत असते, बुरशी तिच्यात पसरत असते, आणि पान बाहेरून हिरवंगार. डोळे उमटतात ते चार-पाच दिवसांनी.

एवढं सगळं वाचून मी काकांना सांगितलं. पंपाचा दांडा हलवत त्यांनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "युरिया किती टाकलंस?"

श्रावणात, शेजारच्यापेक्षा आपलं भात हिरवं दिसावं म्हणून, मी दोन ओंजळी जास्तच फेकल्या होत्या. जादा नत्राने पान लुसलुशीत होतं आणि करप्याचं फावतं, हेही त्याच वाचनात आलं होतं. तेवढं मी काकांना सांगितलं नव्हतं.