वीस दिवसांची मुदत

बॉस्टनमध्ये आम्ही पाच दिवस होतो, पण या लेखात त्यांतले जेमतेम दोन तास येतील. हार्वर्डचा परिसर आणि चार्ल्स नदीचा काठ छायाचित्रांत राहिला. मनात राहिले ते वॉशिंग्टन स्ट्रीटवरचे, १७२९ साली बांधलेले, ओल्ड साउथ मीटिंग हाऊस.

पदपथावरची लाल विटांची रेघ धरून मुलीबरोबर चालत मी तिथे पोहोचलो. काचेच्या उंच इमारतींमध्ये ही विटांची वास्तू अगदी ठेंगणी दिसते. आत पांढरे लाकडी बाक असून बाकांच्या प्रत्येक खणाला स्वतंत्र दार आहे. मूळचे बाक ब्रिटिश सैनिकांनी १७७५ मध्ये उखडले आणि प्रार्थनेच्या या जागेत घोड्यांची रपेट सुरू केली. मी एका खणात बसलो आणि बराच वेळ उठलोच नाही.

पुण्यात तीस वर्षे करसल्लागार म्हणून काम केल्यामुळे बॉस्टनच्या चहाची गोष्ट, म्हणजे १७७३ मध्ये याच वास्तूतल्या सभेनंतर तेव्हाच्या ब्रिटिश वसाहतीतल्या लोकांनी कराच्या निषेधार्थ चहा समुद्रात फेकल्याची गोष्ट, मला कळलेली आहे, असा माझा समज होता. चहावर जबर कर बसला आणि लोक पेटले, एवढीच ती मला ठाऊक होती. प्रत्यक्षात कर पौंडामागे तीन पेन्स होता आणि तो १७६७ पासूनच चालू होता. १७७३ च्या कायद्याने तो वाढवला नाही. उलट कर्जात बुडालेल्या ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमधली जकात परत देऊन आणि थेट वसाहतींत माल विकण्याची मुभा देऊन तिचा चहा चोरट्या डच चहापेक्षाही स्वस्त पडेल, अशी व्यवस्था केली. भाव उतरत असताना माणसे का उठली, याचे उत्तर मला वसुलीच्या विनियोगात सापडले. या करातून गव्हर्नर आणि न्यायाधीशांचे पगार भागवले जाऊ लागले होते. म्हणजे ज्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नाही, तिने कर बसवायचा, आणि त्याच पैशावर अधिकारी स्थानिक विधिमंडळापासून मोकळे व्हायचे! शिवाय चहाच्या अडत्यांमध्ये गव्हर्नर हचिन्सन यांचे दोन मुलगे होते.

मला खरे हलवले ते मुदतीने. चहा घेऊन ‘डार्टमाउथ’ हे पहिले जहाज २८ नोव्हेंबर १७७३ ला आले. वीस दिवसांत जकात भरली नाही, तर माल जप्त होणार होता. लोक चहा उतरवू देत नव्हते, जकात भरल्यावाचून कचेरी जहाजाला परतीची मोकळीक देत नव्हती आणि त्या मोकळिकीवाचून गव्हर्नर परवाना देत नव्हते. १६ डिसेंबरला, मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी, हजारो माणसे या दालनात दाटली होती आणि जहाजाचे तरुण मालक फ्रान्सिस रॉच थंडीत मिल्टनला गव्हर्नरांकडे शेवटची विनंती करायला गेले होते. अंधार पडल्यावर ते नकार घेऊन परतले. कचेरीची दारे बंद होण्याआधीचा तो एक तास मी अशिलांच्या चेहऱ्यांवर कितीदा पाहिला आहे. पण इथे सगळे शहर श्वास रोखून थांबले होते, या विचाराने माझे डोळे भरून आले. “बाबा, निघायचं का?” असे मुलीने दोनदा विचारले.

त्या रात्री तीन जहाजांवरच्या ३४२ पेट्या फोडून चहा समुद्रात टाकला गेला. दुसऱ्या मालाला हात लागला नाही. तो ग्रिफिनचा धक्का आता भरावाखाली गेला असून रहदारीच्या रस्त्यालगत केवळ एक फलक उरला आहे. तिथे उभे राहणे मला जड गेले. नुकसान भरून मिळेपर्यंत बंदर बंद ठेवण्याचा १७७४ चा हुकूम, फिलाडेल्फियातली वसाहतींची परिषद, १९ एप्रिल १७७५ ला लेक्सिंग्टनला झडलेल्या गोळ्या आणि पुढच्या वर्षीचा स्वातंत्र्याचा जाहीरनामा, ज्यात संमतीशिवाय लादलेल्या करांची तक्रार स्पष्ट शब्दांत आहे, ही सारी साखळी त्या धक्क्यापासून पुढे जाते. लेक्सिंग्टनच्या महिनाभर आधी, मार्च १७७५ मध्ये, त्याच कंपनीच्या मुंबईकर अधिकाऱ्यांनी राघोबादादांशी सुरतेचा तह करून साष्टी आणि वसई मागून घेतली होती. पुण्याच्या माणसाला हा योगायोग विसरता येत नाही.

मीटिंग हाऊसमधून निघताना फिलिस व्हीटली यांच्या पुतळ्यापाशी थांबलो. लहानपणी गुलाम म्हणून विकल्या गेलेल्या या कवयित्री इथे प्रार्थनेला जमणाऱ्या चर्चच्या सभासद होत्या. त्यांच्या कवितासंग्रहाच्या प्रती लंडनहून ज्या जहाजाने आल्या ते ‘डार्टमाउथ’च होते, चहाच्या पेट्यांबरोबरच त्याही आल्या होत्या. संमतीविषयी एवढे बोलणाऱ्या या दालनात त्यांची संमती कधी कोणी विचारली असेल का, असे मुलीने मला विचारले. मला उत्तर देता आले नाही, आणि आम्ही पुन्हा त्या खणात जाऊन बसलो.