शेवंतीला रात्र हवी

स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं शाळेचं पत्र आलं तेव्हा मी गच्चीत शेवंतीचे शेंडे खुडत होते. श्रावण सरायच्या आत हे काम उरकावं लागतं. बोटांना पाल्याचा तो उग्र, कडवट वास लागलेला. तशाच हातांनी पाकीट फोडलं. शाळेचा शिक्का दिसला आणि डोळ्यांपुढे आली ती चित्रकलेच्या हॉलमागची दगडी पायरी आणि तिच्यावर पदर खोचून बसलेल्या आपल्या ड्रॉइंगच्या बाई. शाळेच्या इमारतीबद्दल, निकालांबद्दल, संस्थेच्या वाटचालीबद्दल बाकीचे लिहितीलच. मी बाईंबद्दलच लिहिणार आहे. माझं बँकेतलं आयुष्य इतर शिक्षकांनी घडवलं असेल, पण बँक सुटल्यावर घरी आलेली जी मी असते, ती बाईंची आहे.

मी १९८४ च्या दहावीच्या बॅचची, 'ब' तुकडी. आमच्या वेळी बाईंकडे चित्रकलेबरोबर कार्यानुभवाचा तासही होता आणि कार्यानुभव म्हणजे शाळेची बाग. शाळा अकराची, पण बाई नऊलाच आलेल्या असायच्या. ज्यांना यायचं असेल त्यांनी यावं, सक्ती नाही. तरी आश्विनात आम्ही दहा-बारा मुली रोज यायचो, कारण त्या दिवसांत पंपाजवळच्या प्राजक्ताखाली सडा पडलेला असायचा आणि तो उन्हं चढायच्या आत वेचावा लागायचा. पाकळ्या एकीकडे, देठ एकीकडे. पाकळ्या हादग्याच्या हत्तीभोवती जायच्या. देठ बाई सावलीत वाळवायच्या, मग गरम पाण्यात घालून झाकून ठेवायच्या, आणि मधल्या सुट्टीत त्या पाण्याचा असा केशरी-पिवळा रंग व्हायचा की आम्ही वर्ग सोडून बघायला धावायचो. गोकर्णाच्या फुलांचा निळा काढायचो. त्यात लिंबाचे दोन थेंब टाकले की निळ्याचा जांभळा! काजळीचा काळा, गेरूचा तांबडा. आमच्यातल्या निम्म्या मुलींच्या घरी रंगपेटी घेण्याची ऐपत नव्हती. बाईंनी ते कधी बोलून दाखवलं नाही. 'आज आपण रंग करू या,' एवढंच म्हणायच्या, आणि ज्यांच्याकडे कॅमलची पेटी होती त्यासुद्धा ती दप्तरात ठेवून वाट्या घेऊन बसायच्या. प्राजक्ताचा रंग उन्हात उडतो. माझ्याकडे त्या रंगाने केलेलं एक शुभेच्छापत्र आहे, त्यावर आता पेन्सिलच्या रेघाच उरल्यात, पण रंग कुठे होता ते मला बोट ठेवून सांगता येतं.

शरद ऋतू पुस्तकात होता, पण तो बघायचा असतो हे मला बाईंनी शिकवलं. एकदा 'शरद' असा विषय देऊन त्यांनी चित्र काढायला सांगितलं. आमच्या घरी एका औषध कंपनीचं कॅलेंडर होतं, त्यात लाल-नारिंगी पानांची झाडं आणि खाली पानांचा गालिचा. मी ते हुबेहूब उतरवून नेलं. बाईंनी ते नीट पाहिलं, रंगकामाचं कौतुक केलं आणि मला खिडकीशी नेलं. समोर अजिंक्यतारा. पावसाळ्यात हिरवा असलेला तो डोंगर आता कमरेपासून वर पिवळसर होत चालला होता, कारण गवत पिकायला लागलं होतं. आकाश पावसाने धुऊन काढलेलं, मधे एकच कापसाचा ढग. 'आपल्याकडे झाडांची पानं गळतात ती शिशिरात. शरदात आपल्याकडे गवत सोनेरी होतं आणि पाणी निवळतं. हे काढ.' मी तिथेच, खिडकीच्या कट्ट्यावर कागद ठेवून काढलं. ते चित्र चांगलं झालं नव्हतं, पण तेव्हापासून मी दरवर्षी आश्विनात एक तरी डोंगर काढते.

आता ज्या प्रसंगासाठी हे लिहायला घेतलं तो सांगते.

१९८१ साल, आम्ही आठवीत. बाईंनी फेब्रुवारीत जुन्या शेवंतीचे मुनवे काढून बारा कुंड्या भरल्या होत्या. तुमच्यातल्या ज्यांनी शेवंती लावली नसेल त्यांच्यासाठी: फुलं संपली की बुंध्याशी नवे कोंब फुटतात, ते मुनवे. मुळांसकट अलगद सोडवून लावायचे. जूनमध्ये शाळा सुरू झाली तेव्हा आम्हा चौघींच्या गटाला सहा कुंड्या मिळाल्या, दुसऱ्या गटाला सहा. पावसाळाभर आम्ही शेंडे खुडले. पहिल्यांदा खुडायला सांगितलं तेव्हा मला रडू आलं होतं. एवढं कौतुकाने वाढवायचं आणि वरचं टोकच मोडायचं? बाईंनी एका कुंडीतला शेंडा स्वतः खुडला आणि मला पंधरा दिवस थांबायला सांगितलं. पंधरा दिवसांनी त्या एका जागी तीन फांद्या होत्या.

गणपतीनंतर कुंड्या मांडायची वेळ आली. पोर्चमध्ये सहा आणि ड्रॉइंग हॉलच्या मागे सहा ठेवायच्या होत्या. मी हट्ट धरला की आमच्या पोर्चमध्येच हव्यात. येणारा-जाणारा प्रत्येक माणूस आमच्या कुंड्या बघणार! हॉलच्या मागे कोण बघतंय? बाईंनी पोर्च आम्हाला दिला.

हस्त लागला, हादगा बसला, सोळा दिवस फेर धरून झाले, खिरापती ओळखून झाल्या. सहामाही तोंडावर आली. हॉलमागच्या कुंड्यांत प्रत्येक फांदीच्या टोकाला वाटाण्याएवढ्या कळ्यांचे घोस दिसायला लागले. आमच्या कुंड्यांत पानंच पानं. काळीभोर हिरवी, तजेलदार, हॉलमागच्यांपेक्षा वीतभर उंच झाडं, पण कळी म्हणून एक नाही. मी जास्त शेणखत घातलं. मग पाणी वाढवलं. मग पाणी कमी केलं. एका मैत्रिणीच्या आजीने सांगितलं म्हणून ताकाचं पाणीसुद्धा घातलं. शेवटी एक दिवस मधल्या सुट्टीत कुंडीशी बसून मी मुसमुसत होते, तेव्हा बाई शेजारी येऊन बसल्या. खूप वेळ काही बोलल्या नाहीत. पानं उलटून बघितली, माती बोटाने दाबून बघितली. मग वर पाहिलं.

पोर्चच्या छताला शंभरचा दिवा होता. आपले शिपाईमामा तो तिन्हीसांजेला लावायचे आणि पहाटे आले की बंद करायचे.

'झाडाला रात्रच मिळत नाही गं,' बाई म्हणाल्या.

मला काहीच कळलं नाही. झाडाला ऊन लागतं, पाणी लागतं, माती लागते एवढं आम्ही विज्ञानात शिकलो होतो. रात्र लागते हे कुणी सांगितलं नव्हतं. बाईंनी समजावलं. शेवंती दिवस लहान होण्याची वाट बघते. शरदात सूर्य दक्षिणेकडे सरकतो, रात्र मोठी होते, ती अखंड काळोखी रात्र मोजून झाड ठरवतं की आता पाला पुरे, आता कळ्या. मधे दिवा जळत राहिला तर झाडाला वाटतं अजून उन्हाळाच आहे, आणि ते वाढतच राहतं. 'तू काही चुकली नाहीस. खत चांगलं, पाणी चांगलं. त्याला जरा अंधारात ठेव.'

त्याच संध्याकाळी आम्ही चौघींनी सहा कुंड्या उचलून हॉलच्या मागे नेल्या. पण त्याआधी बाईंनी मला कागद दिला आणि म्हणाल्या, या कळी नसलेल्या झाडाचं चित्र काढ. मला ते शिक्षेसारखं वाटलं. पण काढताना लक्षात आलं की पानाच्या प्रत्येक खाचेची कड वेगळी आहे, खालून पान करडं आहे, वरच्या पानांची सावली खालच्या पानावर निळसर पडते. मी त्या झाडाकडे महिनाभर रोज बघत होते, पण कळी आहे का एवढंच बघत होते.

दिवाळीची सुट्टी झाली. सुट्टीचा बाईंचा अभ्यास म्हणजे अंगणातल्या किल्ल्यावर आळीव पेरायचे आणि ते रोज किती वर आले त्याचं रोज एक छोटं चित्र. सुट्टीनंतर शाळेत आलो तर आमच्या कुंड्यांत कळ्या होत्या! हॉलमागची पहिली सहा झाडं तेव्हा भर फुलात होती, आमची महिनाभर मागे. आणि म्हणून डिसेंबरात, स्नेहसंमेलनाच्या दिवशी, जेव्हा त्यांची फुलं सुकून गेली होती, तेव्हा स्टेजच्या दोन्ही अंगांना आमच्या पिवळ्या शेवंतीच्या सहा कुंड्या होत्या. पाहुण्यांनी विचारलं, ही कुणी वाढवली? बाईंनी आम्हा चौघींना हात धरून पुढे उभं केलं. मला नंतर बँकेत बढत्या मिळाल्या, निरोप समारंभात शाल-श्रीफळही मिळालं, पण त्या दिवसासारखा ऊर कधी भरून आला नाही.

त्या फुलांचं चित्र काढतानाही मी एक शिकले. पाकळ्यांच्या सावलीसाठी मी पिवळ्यात काळा घातला आणि सगळं हिरवट, मळकट झालं. बाई म्हणाल्या, पिवळ्याच्या सावलीत जांभळा असतो, थेंबभर घाल. तेव्हापासून माझ्या पेटीत काळ्या रंगाची वडी कोरीच असते.

बाईंबरोबरच्या कासच्या सहलीबद्दल दोन ओळी तरी लिहायलाच हव्यात. तेव्हा कास म्हणजे एसटीने यवतेश्वरचा घाट चढून जायचं, कुंपण नाही, गर्दी नाही. पठारभर तेरड्याचा गुलाबी आणि सोनकीचा पिवळा. आम्ही धावत सुटलो तर बाईंनी थांबवलं आणि सगळ्यांना पायवाटेवर पालथं झोपायला लावलं. नखाहून लहान, निळसर जांभळी सीतेची आसवं नाकासमोर आली. एवढंसं फूल, आणि मातीत त्याच्या बारीक पिशव्या, पाण्यातले सूक्ष्म जीव पकडून खाणाऱ्या. तसं झोपून काढलेलं ते चित्र माझ्याकडे अजून आहे, कोपऱ्यात चिखलाचा डाग आहे. २०१२ साली पश्चिम घाटातली ठिकाणं जागतिक वारशात गेली, त्यात कासही गेलं. आता ऑनलाइन बुकिंग करून जावं लागतं, आणि ते योग्यच आहे.

दहावीची परीक्षा संपल्यावर, मार्च १९८४ मध्ये, निरोप घ्यायला गेले तेव्हा बाईंनी वर्तमानपत्रात गुंडाळून मला तीन मुनवे दिले. त्या पिवळ्या शेवंतीचे. लग्न झालं, नोकरीत नांदेड झालं, चंद्रपूर झालं, कोल्हापूर झालं, आता पुणे. प्रत्येक बदलीला सामानाच्या ट्रकमध्ये नाही, माझ्या मांडीवर दुधाच्या पावडरच्या डब्यात शेवंती असायची. चंद्रपूरच्या उन्हाळ्यात सगळी रोपं करपली. तेव्हा साताऱ्याला बहिणीकडे दिलेल्या कुंडीतून पुन्हा मुनवे आणले. बियांपासून नाही, मुनव्यापासूनच लावत आले म्हणून म्हणते, आज माझ्या गच्चीत आहे ते झाड बाईंच्याच झाडाचा तुकडा आहे. चाळीस कुंड्या आहेत. हल्ली परतीचा पाऊस ऑक्टोबर सरेपर्यंत हटत नाही, मुळं कुजतात, म्हणून मातीत वाळूचं प्रमाण वाढवलंय आणि कुंड्या विटांवर उचलून ठेवते.

निवृत्तीनंतर दर रविवारी सोसायटीतली अकरा मुलं माझ्याकडे येतात. आम्ही देठांचा रंग काढतो, दसऱ्यासाठी झेंडूची रोपं करतो, दिवाळीआधी कामट्या तासून, खळ शिजवून आकाशकंदील करतो. गेल्या वर्षी बालगंधर्वच्या कलादालनात आमच्या गटाचं प्रदर्शन झालं, त्यात माझी शरदाची सात चित्रं होती. लोक ऑक्टोबर हीट म्हणून कपाळाला आठ्या घालतात. मला मात्र त्या उन्हाचा रंग वर्षभर आठवत राहतो. सकाळी आठ वाजता ते असं तिरपं येतं की गवताचं प्रत्येक पातं कडेने पेटल्यासारखं दिसतं.

२००९ साली बाई माझ्या घरी आल्या होत्या. गुडघे दुखत होते तरी गच्चीचा जिना चढल्या. सगळ्या कुंड्यांवरून हात फिरवला, आणि जिन्याच्या दिव्याखाली असलेली एक कुंडी, चहा यायच्या आत, स्वतः वाकून पलीकडे सरकवली. मी धावले तर म्हणाल्या, 'असू दे.' बाईंना जाऊन आता काही वर्षं झाली. माझं प्रदर्शन त्यांना दाखवायचं राहिलं. त्यांनी नुसतं सावल्यांकडे पाहिलं असतं तरी पुरलं असतं.

मध्यंतरी एका लग्नाला साताऱ्यात आले होते तेव्हा शाळेत डोकावले. नवी इमारत देखणी आहे, कॉम्प्युटरची खोली छान आहे. पण पंपाजवळचा प्राजक्त नाही, तिथे पेव्हर ब्लॉक बसवलेत. मैदानाच्या मधोमध उंच खांबावर मोठे दिवे लागलेत, रात्रभर लख्ख उजेड. मुलांच्या सुरक्षेसाठी ते हवेत हे मला समजतं. तरीही मी अंधार पडेपर्यंत थांबून सगळीकडे फिरून पाहिलं. ड्रॉइंग हॉलच्या मागे, त्या दगडी पायरीच्या डाव्या बाजूला, जुन्या भिंतीची सावली पडते. तेवढ्या जागेत उजेड पोचत नाही. मी मोजलं, बारा कुंड्या मावतील.

समारंभ जानेवारीत आहे, तेव्हा माझी झाडं फुलात असतील. मी गाडीतून बारा कुंड्या घेऊन येते आहे. फुलं ओसरली की फेब्रुवारीअखेर मुनवे फुटतील. ते कसे सोडवायचे हे शिकायला आठवीच्या चार-पाच मुली मिळाल्या तर मी एक रविवार येऊन दाखवीन. कुंड्या पोर्चमध्ये ठेवू नयेत, एवढीच विनंती.