मालंजखंडला जाताय? मग आधी हे वाचा

राजेहो, सरळच सांगतो. मध्य प्रदेशातल्या बालाघाट जिल्ह्यातली मालंजखंडची तांब्याची खाण बघायला निघालात अन् हातात लेखी परवानगी नसेल तर जाऊच नका. मी गेलो. एका व्हिडिओवाल्यानं छातीठोक सांगितलं होतं की गेटवर आधार दाखवलं की सोडतात, वरून व्ह्यू पॉइंट आहे, तांब्याचा हिरवा डोंगर दिसतो वगैरे. गार्डनं आधारकडे पाहिलंसुद्धा नाही. त्याचं चुकलं नाही म्हणा, आत ब्लास्टिंग चालतं, तिथं माझ्यासारखे सेल्फीवाले कोण फिरू देणार. अन् डोंगर म्हणाल तर तो खणून खणून केव्हाच खड्डा झालाय. बाहेरून दिसतात ते नुसते दगडमातीचे ढिगारे, बस.

पहाटे पाचला नागपूरच्या वर्धमान नगरहून निघालो. भंडारा, तुमसर, वारासिवनी, बालाघाट. रस्ता ठीक, नाश्ता ठीक, त्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

खरी परीक्षा बालाघाट ते बैहर. भरवेली सोडलं की घाट लागतो, भोवती जंगल झकास आहे पण बघायला डोकं वर कोण करणार, सगळं लक्ष खड्ड्यांत. आम्ही ऑक्टोबरमध्ये गेलो, पावसानं कडेची डांबर खरवडून नेलेली, वळणावर समोरून लोडेड ट्रक, मागे बस हॉर्न देतेय, वीसेक किलोमीटरला सव्वा तास लागला, माझ्या पाठीचा पार भुगा. त्यात ड्रायव्हरनं उकव्याला चहाला थांबल्यावर "घाट चार्ज" काढला, बाराशे रुपये! नागपुरात ठरवताना त्याचा उच्चारही नव्हता. अर्धा तास भांडून आठशेवर आला. तुम्ही गाडी ठरवाल तर घाट, टोल, रात्रीचा मुक्काम सगळं व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून घ्या. स्टेपनीत हवा बघा. अन् अंधार पडायच्या आत घाट उतरा, परतीला आम्ही उतरलो नाही, ते दोन तास आठवले तरी घाम फुटतो.

ट्रिप वाचवली ती मित्राच्या सासऱ्यांनी. रिटायर्ड जिओलॉजिस्ट, आयुष्यभर ड्रिलिंगच्या कॅम्पवर राहिलेला माणूस. परवानगीचं त्यांनी आधीच बजावलं होतं, मीच ऐकलं नाही. गेटवरून परत फिरलो तेव्हा एक शब्द बोलले नाहीत, रस्त्याकडेला दगडावर बसले अन् सुरू झाले.

तर इथं जमिनीतून वर आलेला पांढऱ्या क्वार्ट्झचा, म्हणजे गारगोटीचा, धनुष्यासारखा वाकलेला कणा होता, लांबी अडीच किलोमीटरच्या वर, भोवती सगळा ग्रॅनाइट. त्या क्वार्ट्झमध्ये तांबं. जुन्या लोकांनाही ते माहीत होतं, त्यांनी खणल्याच्या खुणा होत्या. पद्धतशीर शोध मात्र जीएसआयनं, म्हणजे सरकारच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यानं, 1969 च्या सुमारास घेतला, मग 1973 मध्ये जागा हिंदुस्तान कॉपरकडे गेली अन् 1982 मध्ये प्रकल्प देशाला अर्पण झाला. मी म्हटलं, काका, दगडावरच्या नुसत्या हिरव्या डागावरून तांबं आहे हे कळतं? ते म्हणाले, "अरे बेटा, हिरवा डाग म्हणजे नुसता पत्ता. घरात कोण आहे ते ड्रिल मारल्याशिवाय कळत नाही."

खाली असतो चाल्कोपायराइट, म्हणजे तांबं, लोखंड अन् गंधक. वर पाणी-हवा लागली की तो सडतो, तांबं विरघळतं, थोडं वरच मॅलाकाइट होऊन हिरवं बसतं, बाकीचं खाली झिरपून जमिनीतल्या पाण्याच्या पातळीजवळ चाल्कोसाइट म्हणून, म्हणजे तांबं अन् गंधक होऊन, जमतं. म्हणून वरचा माल बघून खालचा अंदाज बांधला तर फसगत होते, कधी खाली घबाड, कधी ठणठण. म्हणून ओळीनं भोकं पाडून दगडाचे लांब दांडे काढायचे, पेटीत नंबरानं लावायचे, तुकडे करून लॅबला पाठवायचे. इथल्या मालात तांबं साधारण एक टक्का! टनाला दहा किलो. माझा तर विश्वासच बसेना की एवढ्यासाठी डोंगर गिळला.

वय तर भन्नाट. तांब्यासोबत सापडणाऱ्या मॉलिब्डेनाइट नावाच्या खनिजाचं वय काढलं तर सुमारे 249 कोटी वर्षं निघालं. तांब्याच्या मोठ्या पॉर्फिरी खाणी (जमिनीखाली थिजलेल्या तप्त रसाच्या खडकात तांबं विखुरलेलं असतं त्या), चिलीतल्या वगैरे, त्या मानानं कालच्या पोरी. हा प्रकार पॉर्फिरी म्हणायचा की वेगळाच, यावर जिओलॉजिस्ट अजून भांडतात, काकाही त्यावर दहा मिनिटं एकटेच भांडले.

आता दगडवाले. बैहरला एकानं मला "अस्सल तांब्याचा दगड" चारशे रुपयांना विकला, सोन्यासारखा चमकणारा, चौकोनी कणांचा. काकांनी खिशातला चाकू काढून घासला, ओरखडा नाही. "पायराइट. नुसतं लोखंड अन् गंधक. चाल्कोपायराइट चाकूनं ओरखडतो, अन् त्याचा रंग जास्त पिवळा असतो." नुसत्या चमकीवर पैसे देऊ नका, घासून बघायला चाकू जवळ ठेवा. अन् खाणीच्या लीजच्या जागेतला दगड उचलून आणायचा विचारही करू नका.

दुसऱ्या दिवशी मुक्की गेटला जाऊन कान्हा केलं. छान होतं.

परत आल्यावर काकांच्या घरी, त्रिमूर्ती नगरला, त्यांनी ड्रॉवरमधून नोकरीच्या काळातला बोटभर मॅलाकाइट काढला. काचेच्या वाटीत संडास धुवायचं अ‍ॅसिड, खिडक्या उघड्या, काकू ओरडतायत. मॅलाकाइट फसफसला, पाणी हिरवंगार झालं, त्यात लोखंडी खिळा सोडला, दोन मिनिटांत खिळ्यावर तांबूस थर. मग माझा चारशेचा दगड दुसऱ्या वाटीत. दहा मिनिटं बघितलं. खिळा तसाच राखाडी.