एका टँकरचा सातबारा

बोटीवरून कायमचा उतरलो त्याला बरीच वर्षं झाली, पण इंजिनरूम काही डोक्यातून जात नाही. पुतण्या प्री-सी ट्रेनिंग करतोय. त्यानं विचारलं, "काका, दुसऱ्या महायुद्धात घाईनं बांधलेली जहाजं टिकली तरी किती?" म्हटलं, एखाद्या अमेरिकन टी-टू टँकरचा, म्हणजे त्या युद्धात एकाच नमुन्यावर धडाधड बांधलेल्या तेलवाहू जहाजाचा, जन्मापासून भंगारापर्यंत माग काढून देतो. दोन संध्याकाळचं काम, असं वाटलं होतं. लागले तीन महिने.

आधी घेतला 'स्कनेक्टडी', कारण त्याची गोष्ट कोर्समध्ये शिकलो होतो. अमेरिकेतल्या पोर्टलंडच्या स्वान आयलंड या जहाजबांधणी यार्डातला. चाचण्या आटोपून धक्क्याला उभा असताना १६ जानेवारी १९४३ च्या रात्री मोठा आवाज झाला आणि मधोमध फाटला. पाणी शांत. तळाचे पत्रे तेवढे तुटले नाहीत. खापर वेल्डरांवर फुटलं, पण पोलादही थंडीत ठिसूळ होणारं होतं. रिव्हेटच्या जहाजात चीर पत्र्याच्या जोडाशी थांबू शकते. सगळं एकसंध वेल्ड केलं की तिला अडवणारं कोणी नाही. टँकर दुरुस्त झाला, कामाला लागला, १९६२ साली जेनोव्हात मोडीत निघाला. इथवर सोपं होतं.

अडलो ते १९४५ साली बांधलेल्या 'फोर्ट मर्सर'पाशी. १८ फेब्रुवारी १९५२ ला अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या केप कॉडजवळच्या वादळात त्याचे दोन तुकडे झाले. त्याच दिवशी, त्याच भागात 'पेंडल्टन' हा दुसरा टी-टूही तुटला! मी वहीत 'मृत्यू १९५२' लिहून मोकळा झालो. अमेरिकेच्या सागरी प्रशासनाची जुनी नोंदकार्डं स्कॅन केलेली मिळतात, तीही चाळली. पण जहाज खासगी मालकाला विकलं की तिथला माग आटतो. मग 'सान हासिंतो' नावाच्या टँकरची नोंद वाचताना थबकलो. त्याचा मागचा भाग 'फोर्ट मर्सर'चा होता.

खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं, सगळी हयात इंजिनात गेली माझी. टी-टूचे बॉयलर, टर्बाइन, जनरेटर, मोटर, सगळं मागच्या भागात. युद्धात टर्बाइनचा वेग कमी करणारे मोठे रिडक्शन गिअर मिळेनात, म्हणून टर्बाइननं वीज करायची आणि विजेच्या मोटरनं जहाज ढकलणारा पंखा (प्रोपेलर) फिरवायचा, अशी सोय केलेली. पुढच्या भागात मुख्यतः टाक्या आणि ब्रिज, म्हणजे जिथून जहाज हाकतात ती जागा. टाक्या नव्या बांधता येतात. चालू मशिनरी कोण फेकून देईल? 'फोर्ट मर्सर'चा पुढचा भाग कोस्ट गार्डनं तोफा डागून बुडवला, मागचा ओढून नेला आणि त्याला नवं तोंड जोडलं.

त्यानंतर मी नाव सोडलं आणि इंजिन धरलं. सातबारा बघतानाही मालकाच्या नावाला चिकटून बसलं तर जमीन हरवते. फेरफार बघावे लागतात. 'सान हासिंतो' १९६४ मध्ये पुन्हा तुटला (हद्दच झाली), पुन्हा उभा राहिला, नाव 'पासाडेना'. १९८३ ला भंगारात.

"मग वय किती धरायचं?" पुतण्या म्हणाला.

वहीत एका जहाजाला तीन ओळी दिल्यात. वयाच्या रकान्यात मागच्या भागापुढे १९४५ ते १९८३, म्हणजे ३८ लिहिलं, आणि पहिल्या पुढच्या भागासमोर ७.